मार्थाबाईंचं रिकामं ताट

हैदराबादला जाणार असाल तर नामपल्ली स्टेशनाबाहेरचे पहिले दोन रिक्षावाले सोडून द्या. तिसऱ्यानं मला निम्म्या भाड्यात तारनाक्याला नेलं. "अम्मा, घर कू जारे या लूटने कू?" म्हणाला. दोन्ही, म्हटलं.

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता, गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबत होत्या तेव्हाची गोष्ट. माझी लेक सुनंदा, तिच्या कॉलनीतलं मंडळ परदेशी पाहुणे हॉटेलात न ठेवता घरोघरी उतरवायचं. दोनच खोल्या म्हणून सुनंदाला वर्षभर टाळलं. तिनं भांडून चार दिवसांची एक पाहुणी मिळवली आणि स्वयंपाकाला मला उदगीरहून बोलावलं.

हॉलंडच्या मार्थाबाई. रिटायर शिक्षिका, माझ्याच वयाच्या. आल्या तशा चपला दाराशी काढून खाली मांडी घालून बसल्या. पुरणपोळी, बगारा बैंगन, वरणभात, सगळं चाटूनपुसून खाल्लं. पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की आमचा जीव खालीवर होतो. मी वाढलं. त्यांनी संपवलं. परत वाढलं. दोन दिवस हेच. मी खूश.

तिसऱ्या दिवशी बाई पोट धरून पडल्या. मंडळाचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. संध्याकाळी गाडी आणतो, हॉटेलात हलवू, म्हणाले. पुन्हा या घरी पाहुणा पाठवणार नाहीत हे न बोलता कळलं. सुनंदा मला एवढंच म्हणाली, "आई, झालं समाधान?"

मी पेज केली. सुनंदाला मधे घालून बाईंना विचारलं, जात नव्हतं तर खाल्लं कशाला? त्या म्हणाल्या, लहानपणी महायुद्धात अन्न मिळेना म्हणून ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, तेव्हापासून ताटात टाकवत नाही. मी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सरकारी सुकडीवर पोरं जगवलेली. तेव्हापासून वाढताना माझा हात आखडत नाही. त्यांना टाकवेना, मला थांबवेना, मधल्या मधे पोटाचे हाल.

मग ताटावर हात आडवा धरून "बास" म्हणायला शिकवलं. पहिल्यांदा हात हळू आला, मी वाढलंच. दुसऱ्यांदा पळीच उडवली.

संध्याकाळी सेक्रेटरी आले, बॅग उचलायला वाकले. मार्थाबाईंनी बॅगेवर हात आडवा धरला.

"बास."

चौथ्या दिवशी आम्ही तिघी जामबागेच्या फुलबाजारात फुलं घ्यायला गेलो. बाईंचं पोट ठीक होतं, माझेच पाय दुखले.

उदगीरला परतले. पुढं सुनंदाकडं दरसाल पाहुणे यायला लागले. मी आता कुणालाही वाढताना ताट बघत नाही, आधी हात बघते. पळी मात्र अजून भरलेलीच असते.