डोळ्यापाशी बसवलेली काळी काच

“डावा डोळा तळहातानं झाका आणि वरून एकेक अक्षर वाचत या,” मी म्हणालो.

उद्धव सरांनी तक्त्याकडं पाहिलं. मान जराशी डावीकडं कलवली, मग उजवीकडं. थोड्या वेळानं म्हणाले, “साहेब, तक्ता दिसतो. तक्त्याचा खिळाबी दिसतो. ज्या अक्षराकडं बघावं, तेवढंच न्हाई दिसत.”

मी पेन खाली ठेवलं.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी. नाव मोठं आहे, पण मी ऑपरेशन करत नाही. सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू आणि काचबिंदू हुडकून सर्जनकडं पाठवायचे, हे माझं काम. त्या काळात मी वसमत भागातल्या एका दवाखान्यात होतो. मंगळवारची ओपीडी होती, बाहेर गर्दी होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी सूर्यग्रहण होतं.

उद्धव सरांना मी दहा वर्षांपासून ओळखत होतो. कुरुंद्याकडच्या एका गावातल्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. वय पन्नाशीचं. लोक त्यांना दुर्बीणवाले सर म्हणायचे. दिवस मावळला की शाळेच्या मैदानात दुर्बीण लावायची आणि गावाला शुक्राची कोर, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी दाखवायची, हा त्यांचा छंद. शनी कोणत्या पोरांना नीट दिसत नाही, हे ते लक्षात ठेवायचे आणि ती पोरं माझ्याकडं पाठवायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना चष्मा निघायचा.

पण दुर्बीण हे अर्धंच काम. ग्रहणात बाहेर पडू नये, अन्न टाकून द्यावं, गर्भार बाईनं विळी हातात धरू नये, या समजुतींविरुद्ध ते गावोगाव बोलत फिरायचे. चंद्राची सावली आपल्यावर पडते, यापलीकडं ग्रहणात काही नाही, असं ते चेंडू आणि बॅटरी घेऊन समजावून सांगायचे.

सरांना विचारलं तर म्हणाले, डोळ्यात कचरा गेला असावा. घरीही तेच सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर चौकटींचा कागद धरला. त्याच्यावर आडव्याउभ्या रेघा असतात आणि मध्ये एक ठिपका. एका डोळ्यानं ठिपक्याकडं बघायचं. निरोगी माणसाला सगळ्या रेघा सरळ दिसतात. सरांना ठिपका दिसलाच नाही. मी पेन्सिल दिली. जिथं रेघा गायब होतात तिथं गोल काढा, म्हणालो. त्यांनी बरोबर मध्यावर बोराएवढा गोल काढला.

कचऱ्यानं असा गोल पडत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले, अर्ध्या तासानं आत पाहिलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध एक बारीक जागा असते. वाचायचं, माणसाचं तोंड ओळखायचं, सुईत दोरा ओवायचा, हे सगळं त्या जागेच्या भरवशावर चालतं. तिथं पिवळसर डाग होता.

“सर, सूर्याकडं कधी बघितलं?” मी विचारलं.

ते मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, “रविवारी.”

मग हकिगत कळली. शाळेत गुरुवारी दुर्बिणीतून ग्रहण दाखवायचं ठरलं होतं. दुर्बिणीच्या खोक्यात एक छोटी गोल काळी काच आली होती. डोळा लावायच्या भिंगावर ती आट्यांनी फिरवून बसवायची आणि सूर्य बघायचा, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. सरांनी ती कधी वापरली नव्हती. लेकरांच्या आधी आपण बघून घ्यावं म्हणून रविवारी दुपारी ते एकटेच शाळेत गेले. काच बसवली, डोळा लावला. सूर्य हिरवट दिसला, त्याची कड स्वच्छ दिसली. दोन मिनिटं चांगली गेली. मग ‘कट्’ असा आवाज झाला आणि सगळं पांढरं झालं. त्यांनी डोळा लगेच बाजूला घेतला. एक सेकंदही लागला नसेल, म्हणाले.

असं का झालं, ते सोपं आहे. भिंगानं ऊन एका जागी आणून कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला असतो. दुर्बिणीचं पुढचं भिंग तर तळहाताएवढं. ते सगळं ऊन गोळा करून मागं आणतं, आणि ती इवलीशी काळी काच त्याच जागी बसवलेली. काच तापते, तडकते आणि त्या क्षणी सगळं ऊन डोळ्यात उतरतं. खरं तर ऊन कमी करणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवी, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच कमी होतं.

“पण दुखलं न्हाई हो काहीच,” सर म्हणाले. “म्हणून वाटलं, होईल बरं.”

पडद्याला वेदना कळत नाही. तो जळताना माणसाला काहीच समजत नाही.

आमचे नेत्रसर्जन जिल्ह्याच्या ठिकाणाहून आठवड्यातून एकदाच यायचे. त्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, नांदेडला पडद्याच्या डॉक्टरांकडं पाठव, स्कॅन होऊ दे, पण यावर खात्रीचं औषध नाही, एकदोन दिवसांनी काही फरक पडणार नाही. मग त्यांनी विचारलं, “ग्रहण परवा आहे. तशी काच आणखी कुणाकडं आहे का, हे विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. सरांकडं वळून विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. तशाच आणखी दोन दुर्बिणी त्यांनी स्वतः मिळवून दिल्या होत्या. एक शिरड शहापूरकडच्या शाळेला, दुसरी कळमनुरीकडच्या एका तांड्यावरच्या शाळेला. दोन्हींच्या खोक्यात तीच काच. दोन्हीकडं गुरुवारी कार्यक्रम होता.

रविवारपासून दोन दिवस झाले होते. मला राग आला. तुम्ही त्यांना फोन काहून केला नाही, असं मी जरा जोरातच विचारलं. बाहेरचे लोक आत डोकवायला लागले.

सरांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरला. “काय सांगू त्यायला?” ते म्हणाले. “पंधरा वर्षं झाली, ग्रहणानं काही होत न्हाई म्हणून सांगून राहिलो. आता ग्रहणाच्या तोंडावर माझाच डोळा गेला म्हणलं, तर लोक काय समजतील? पुन्हा बाया दार लावून बसतील, साहेब. माझी काच खराब निघाली असंल, त्यांची चांगली असंल, असं मनाला समजावत होतो.”

ते खोटं बोलत नव्हते. माणूस भित्रा नव्हता, त्याला आपलं काम वाया जाईल याची भीती वाटत होती. पण मला शाळेची लेकरं दिसत होती, रांगेत उभी, एकेक जण त्या भिंगाला डोळा लावणारी. मी एवढंच म्हणालो की सर, तुमच्या जागी रांगेतलं पहिलं लेकरू असतं तर तुम्ही कुणाला दोष दिला असता? त्यांनी मोबाईल काढून माझ्या हातात दिला. दोन्ही डोळ्यांत थेंब टाकल्यानं नंबर शोधायला त्यांना दिसत नव्हतं.

शिरड शहापूरकडच्या मास्तरांचा फोन लगेच लागला. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या डोळ्यासकट. ते घाबरले, पण काच अजून पुडीतच होती. ती आपल्या कपाटात कुलपात ठेवतो, म्हणाले. तांड्यावरच्या शिक्षिका राठोड बाईंचा फोन मात्र बंद होता. संध्याकाळपर्यंत बंदच राहिला.

बुधवारी नाताळची सुट्टी होती. सकाळी मी मोटारसायकल काढली आणि सरांना मागं बसवलं. नांदेडला आधी जा, असं त्यांच्या घरून सांगणं होतं. सर म्हणाले, एका दिवसानं डोळ्यात फरक पडणार नाही, असं डॉक्टरच म्हणालेत. ते खरंही होतं. वाटेत ते उजव्या डोळ्यावर हात ठेवून दोन्ही बाजूंची हळदीची रानं बघत होते.

तांड्यावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. शाळेसमोर माणसं जमलेली होती. मधोमध तिवईवर दुर्बीण उभी, तिचं तोंड सूर्याकडं. उद्याची तालीम म्हणून राठोड बाईंनी आजच सगळ्यांना बोलावलं होतं. गाडी थांबायच्या आत सर उतरले, धडपडत गेले आणि दुर्बिणीच्या तोंडावर तळहात ठेवून उभे राहिले.

“कुणी बघितलं?” मी विचारलं.

बाईंनी स्वतः बघितलं होतं, आणि तीन लेकरांनी. काच शाबूत होती. माझ्या पिशवीत तक्ता आणि चौकटींचे कागद होते. व्हरांड्यात तक्ता टांगला, चौघांना एकेक करून तपासलं. सगळ्यांना ठिपका दिसत होता, रेघा सरळ होत्या. 

राठोड बाई तरुण होत्या, त्याच तांड्याच्या सूनबाई. त्यांनी महिनाभर घरोघरी फिरून बायांना तयार केलं होतं. त्या सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या की काच मी आत ठेवते, पण कारण सगळ्यांसमोर सांगू नका, फार कष्टानं आलेत हे लोक. सर माझ्याकडं बघत राहिले. मी तक्ता काढून पिशवीत ठेवला. ते ठरवणं माझं काम नव्हतं.

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, पिंपळाखालच्या कट्ट्यावर बसले होते. सत्तरीचा माणूस. ते उठून आले. सर सारखा उजव्या डोळ्यावर हात धरतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

“सर, डोळ्याला काय झालं तुमच्या?”

सरांनी दुर्बिणीवरचा हात काढला नाही. “या असल्याच दुर्बिणीतून सूर्याकडं बघितलं. काच फुटली. मधलं दिसायचं बंद झालं.”

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. दोघीतिघींनी लेकरांना जवळ ओढलं. नायक म्हणाले, “मग आमचे म्हातारे काय खोटं सांगत होते? ग्रहणानं तुमचा डोळा घेतला.”

“ग्रहण उद्या हाय, नायक,” सर म्हणाले. “माझा डोळा रविवारी गेला. ते रोजचंच ऊन होतं. ज्या उन्हात तुमी कापूस येचता, तेच. चूक सूर्याची न्हाई, ग्रहणाचीबी न्हाई. मी न तपासलेल्या काचेवर भरवसा ठेवला. आणि दोन दिवस हे लपवलं, ती त्याच्याहून मोठी चूक. म्हणून तुमच्यासमोर उभा हाय.”

 नायकांनी मान खाली घालून विचार केला. मग विचारलं, “मग उद्या बघावं कसं?”

त्या प्रश्नावर सरांचा आवाज पहिल्यांदा सुधारला. त्यांनी बाईंकडून छोटा आरसा मागवला. त्याच्यावर कागद चिकटवला आणि कागदाला मध्ये हरभऱ्याएवढं छिद्र पाडलं. आरसा अंगणात उन्हात ठेवला आणि वर्गाच्या उघड्या दारातून कवडसा आत सोडला. बाकी खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या भिंतीवर पुरीएवढा गोल उमटला. हाच सूर्य, सर म्हणाले. उद्या याचाच एक भाग चंद्र झाकेल. आपण सूर्याकडं पाठ करून बघायचं. नायक आत आले, भिंतीजवळ गेले आणि त्या गोलावर त्यांनी हात ठेवून बघितला. गोल हातावर आला. ते हसले नाहीत, पण बायांना आत या म्हणाले.

काच मी दगडावर ठेवून फोडली. ती कदाचित दहा वर्षंही टिकली असती. ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून फोडली.

गुरुवारी मी ओपीडीत होतो. राठोड बाईंनी दुपारी फोन करून सांगितलं की भिंतीवरचा सूर्य विळ्यासारखा झालेला सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी नाही. काही घरांची दारं बंदच राहिली, आणि सरांच्या डोळ्याचं कारण त्या घरांतून अजूनही ग्रहणच सांगितलं जातं. त्या आठवड्यात माझ्याकडं एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघितलेला एक तरुण आला. त्याचा डाग दोन महिन्यांत भरला. तिन्ही शाळांमधून कुणीही आलं नाही.

सर शुक्रवारी नांदेडला गेले. स्कॅनमध्ये पडद्याच्या मधल्या थरात बारीक खाच दिसली. उजव्या डोळ्यानं त्यांना तक्त्यावरचं फक्त सगळ्यांत मोठं अक्षर, तेही कडेनं, दिसत होतं. सहा महिन्यांत दोन ओळी सुधारल्या आणि तिथंच थांबल्या. त्या डोळ्यानं त्यांना आता वाचता येत नाही. चेहराही ओळखू येत नाही. फळ्यावर लिहिताना ओळ तिरकी जाते म्हणून ते कधी कधी पोरांना पुढं बोलावतात. शनी, गुरू ते डाव्या डोळ्यानं बघतात.

त्यांनी कार्यक्रम बंद केले नाहीत. सुरुवात मात्र बदलली. आता दिवसाच्या कार्यक्रमात ते आधी दुर्बीण सूर्याकडं वळवतात, आत स्वतः बघत नाहीत, आणि डोळा लावायच्या जागेपाशी चिमट्यानं पळसाचं वाळकं पान धरतात. पानातून धूर निघतो, मग भोक पडतं. ते पान सगळ्यांच्या हातातून फिरवतात.  त्यानंतर पुढच्या तोंडावर प्रमाणित गाळणी बसवतात आणि ती भोक, चीर यासाठी दर वेळी उजेडाला धरून तपासतात.

माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच. घरात दुर्बीण असेल आणि तिच्या खोक्यात डोळ्यापाशी बसवायची काळी काच असेल, तर ती आजच फोडा. आणि सूर्याकडं बघितल्यावर नजरेत मध्येच डाग दिसला, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. खरं कारण सांगा. बहुतेक वेळा तुमच्या डोळ्याला आम्ही फार काही करू शकत नाही, पण तसल्या काचा आणखी कुणाकुणाकडं आहेत, ते विचारायला आम्हाला वेळ मिळतो.