मास्तरांची गोळी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत. चारचौघांत बायकोसुद्धा मास्तरच म्हणायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. त्यांच्या बाजूलाही पायाशी एक जास्तीचा ब्रेक असे. शिकणाऱ्याचा धीर सुटला की मास्तर तो अलगद दाबत आणि वर म्हणत, "काही नाही, गाडीला शिंक आली." भलीभली घाबरट माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकून गेली.

या मास्तरांचं मन कधी विझायला लागलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी विनोद आटले, मग भूक गेली. सकाळी हातात मोजे घेऊन ते पलंगाच्या कडेवर बसून राहत आणि बायकोने हाक मारली की दचकत.

"डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"मला काय धाड भरलीये?"

तरी तिने नेलंच. डॉक्टरीणबाईंनी निवांत विचारपूस केली, हे नैराश्य आहे म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. "गुण यायला काही आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळेल, झापड येईल. कशा मानवतात ते कळेपर्यंत गाडीवर जाऊ नका. आणि मनाने बंदही करू नका."

औषधाच्या दुकानात मास्तरांनी बायकोला पुढे केलं आणि स्वतः बाहेर पाठमोरे उभे राहिले. घरी येताच गोळ्यांचं पाकीट कपाटात मफलरखाली सारलं. गाडीवर जायचं नाही, म्हणजे स्कूलच्या मालकीणबाईंना कारण सांगायचं. कारण सांगितलं की ते दुपारच्या आत स्कूलभर होणार. डोक्याच्या गोळ्या खाणारा माणूस आमच्या मुलीच्या शेजारी बसवलात, असं कोणी म्हणालं तर? बायको रोज विचारायची, "घेतली?" ते "हं" म्हणायचे आणि कामावर जायचे.

तेव्हा त्यांच्याकडे एक ऑपरेटरबाई शिकत होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या. नवरा गेल्यावर त्यांची गाडी दारात धूळ खात होती. "या वयात कुठे हातपाय मोडून घेतेस?" म्हणून मुलाने टिंगल केली, तर बाईंनी हट्टाने नवे बूट घेतले आणि नाव नोंदवलं.

एका वळणावर बाईंचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. मास्तरांना ते दिसलं. त्यांचा पाय दुसऱ्या ब्रेकवरच होता. पण ते नुसते बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाची गाडी चाललीय. गाडी फुटपाथवर चढली, सलूनसमोरच्या दोन कुंड्यांचा चुरा झाला आणि इंजिन बंद पडलं. कुणाला लागलं नाही, इतकंच नशीब.

"मास्तर, तुम्ही दाबला नाहीत?" बाईंनी कसंबसं विचारलं.

सलूनवाला कात्री घेऊन बाहेर आला होता, गिऱ्हाइकं डोकावत होती. मास्तर म्हणाले, "तुम्ही असा जीव खाऊन पाय दिल्यावर मी तरी काय करणार?"

बाई पुन्हा आल्या नाहीत. मुलाचा फोन आला, "आईने नाद सोडला. बरं झालं एका अर्थी."

मास्तरांना ते "बरं झालं" गिळता येईना. जेवताना, दात घासताना बाईंचा पांढराफटक चेहरा समोर यायचा. शेवटी एका दुपारी ते त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी पाणी दिलं. ग्लास हातातच ठेवून मास्तर सगळं बोलले: मन बरं नाही, गोळ्या दिल्यात, घेत नाही, त्या दिवशी पाय हललाच नाही.

"म्हणजे माझा पाय चुकला नव्हता?"

"चुकला होता. पण तो सावरायलाच मी बसलेलो असतो. आणि लोकांदेखत तुमच्यावर ढकलून मोकळा झालो."

बाई भडकल्या. "इतके दिवस मी पोराला म्हणतेय, तुझंच खरं होतं रे बाबा! मला वाटलं, आपलं डोकंच आता चालत नाही." मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "गोळ्या का घेत नाही?"

"लाज वाटते."

"अन् आत्ता, माझ्यासमोर?"

"आत्ताही वाटतेय."

"वाटून झालीच ना? मग आता घ्या."

घरी येऊन त्यांनी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. मफलर काय तुम्ही धुता?" तिने आवाज चढवला नाही, हे त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या सकाळी तिच्यासमोर त्यांनी पहिली गोळी घेतली.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. "गोळ्या मानवेपर्यंत वर्गात रस्त्याच्या खुणा शिकवा. लोकांना पाठदुखी सांगू?" मास्तर चटकन हो म्हणाले, आणि इतकं हायसं वाटल्याबद्दल त्यांना पुन्हा खजील व्हायला झालं.

आठवडाभर मळमळलं, तोंडाला कोरड पडली. नंतर हळूहळू झोप लागू लागली. एक दिवस आमटीत मीठ कमी आहे, हे त्यांना कळलं. ऑपरेटरबाई परत आल्या, पण दुसऱ्या शिक्षकाकडे. "तुमच्या शेजारी नाही बसणार," त्यांनी तोंडावर सांगितलं. मास्तरांना ते टोचलं, पण ते बरोबरच होतं.

खुणांच्या वर्गाला मात्र बाई येऊन बसल्या. तास संपल्यावर सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "काय मास्तर, गोळ्यांचा गुण आला का?"

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "येतोय."

"पाठीच्या ना?" पहिल्या बाकावरच्या मुलीने आपुलकीने विचारलं. "माझ्या बाबांनाही तसंच झालं होतं. त्यांना पट्टा बांधायला दिलाय."

"हो, पाठीच्याच," म्हणत मास्तर फळा पुसायला वळले.

"आणि मग काय," संध्याकाळी ते बायकोला सांगत होते, "ती पोरगी पट्ट्याचा पत्ता लिहून द्यायला लागली. नको म्हणता येईना. घेतला मुकाट्याने!" सांगता सांगता ओशाळून त्यांना हसू फुटलं. भाजी निवडता निवडता बायको थांबली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. हा आवाज घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.