चालकांकडून वसूल

तेजरामभाऊंनी तीस वर्षं पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये काढली. निवृत्त होताना फंडाचे पैसे हातात आले आणि डाव्या कानाचं ऐकणं मात्र मिलमध्येच राहिलं. पैशांतून त्यांनी पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून स्मृति नगरात कोथिंबीर आणायलाही गाडी निघायची. दुर्गच्या पद्मनाभपूरला लेकीकडे, हर्षाकडे जायचं तर सिंधुताईंना आधी नवऱ्याचा मूड बघावा लागे.

अशात बातमी आली. सिविक सेंटरला पार्किंगचे पैसे वाढणार, त्यातून दुर्गपर्यंत सिटी बस चालणार, आणि त्याआधी रहिवाशांची सभा होणार. भाऊ भडकले. रस्ता सरकारनं फुकट दिलाय, त्यावर गाडी उभी करायचे पैसे कसले? सिंधुताई म्हणाल्या, फुकट कसला? भांडी घासायला रुक्मा पायी येते, साबण घेताना तीही त्या रस्त्याचा टॅक्स भरते. भाऊंनी डावा कान पुढे केला.

विरोध करायला गल्लीतल्या बावीस गाडीवाल्यांना त्यांनी पढवून ठेवलं, "मी हात वर केला का तुमीबी करा. बाकी काही आयकू नका."

सभेत पंख्यांची घरघर. माइकवरच्या साहेबानं लांबलचक काहीतरी वाचून शेवटी विचारलं, "बस का खर्चा चालकों से वसूला जाए?"

भाऊंना ऐकू आलं 'चालाकों से'. वा! चालाक लोकांना तर सोडूच नये! त्यांचे दोन्ही हात वर गेले. मागोमाग बावीस हात. सगळ्यात पुढे बसलेल्या सिंधुताईंचाही. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला.

घरी येईपर्यंत भाऊ शीळ घालत होते. गाडी थांबली तशा सिंधुताई उतरल्या, वळसा घालून त्यांच्या उजव्या खिडकीशी आल्या आणि चालक म्हणजे कोण ते त्यांनी सावकाश सांगितलं. शीळ बंद.

"तुले आयकू आलं होतं, तं सांगितलं कावून नाही?"

"सहा वर्षं गाडीत तुमच्या डाव्या बाजूले बसून बोलून राहिली. तुमाले एकबी गोष्ट पोचली नाही."

भाऊ ओशाळले. मग आपलेच दोन वर गेलेले हात आठवले आणि त्यांना असं हसू फुटलं की स्टिअरिंगवर डोकं टेकून हॉर्न वाजत राहिला. सिंधुताईही पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पहिली बस सुटली त्या दिवशी भाऊ स्टॉपवर हजर होते. सोबत येऊ का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"आज मले एकटीले जाऊ द्या," पायरीवरून सिंधुताई म्हणाल्या. "तुमी उद्या या. हर्षाले सांगून ठेवीन."