रूपाचा फोटो उघडला की बंद पडणारा कॉम्प्युटर

रूपाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स रूपाच्याच कॉम्प्युटरवर बनवायला घेतला, आणि तिचा फोटो उघडताच कॉम्प्युटर बंद पडला.

आज तिला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस कोणाला सांगितलं नाही, आज लिहून टाकते.

रूपा आणि मी पार्टनर. अमरावतीत आमचं फ्लेक्सचं दुकान. गिऱ्हाईक मी सांभाळायचे, डिझाइन तिचं.
अर्ध्या गावाचे वाढदिवस आणि मयती तिच्या हातून गेल्या.
डेंग्यूनं गेली. ताप उतरला असं वाटत होतं, आणि गेली.

तेरवीच्या आधी तिचे बाबा दुकानात आले. मी त्यांना काका म्हणते. मोझरीच्या रोडवर त्यांचं वावर आहे, शेवंती आणि झेंडूचं.
"पोरी, सगळ्याइचे बोर्ड तिनं बनवले. तिचा तिच्याच मशीनवर बनव."

बसले बनवायला.
बारीकसारीक कामं त्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित व्हायची. पण तिचा फोटो फ्लेक्सच्या साइजला मोठा केला की चेहऱ्यावर आडव्या पट्ट्या यायच्या.
मग निळी स्क्रीन. मग रीस्टार्ट.

फोटो बदलला. सेमाडोहला फिरायला गेलो होतो, तेव्हाचा घेतला. हसतानाचा.
तोही गेला.

काका मागं खुर्चीवर बसून पाहत होते.
"तिले नसन पाह्यजे," ते हळूच म्हणाले.
"काय, काका?"
"बोर्ड. तिले नसन लावू द्याचा."

 

बोर्ड शेवटी दुसऱ्या दुकानातून करून आणला.
पण काका येतच राहिले. फुलं मार्केटला उतरवली की इकडं.
"लाव बरं तिचा फोटो."
मी लावायचे. चेहरा यायचा, थोडा थांबायचा, मग पट्ट्या.
स्क्रीन निळी झाली की म्हणायचे, "बरं बाई, राहू दे. नाई पाहत."
आणि उठायचे. येताना असायचे त्याहून जरा हलके.

इकडं मला कामाला मशीन पाहिजे होती. व्हायरस शोधला, विंडोज नव्यानं टाकली, पंख्यातली धूळ काढली, पॉवर सप्लाय बदलला.
काही फरक नाही.
दुकानात एकटी असले की त्या कॉम्प्युटरकडं पाठ करून बसायची हिंमत व्हायची नाही.

शेवटी अकोल्याहून इमरानला बोलावलं. आम्ही तिघं डीटीपीच्या क्लासला सोबत होतो. तो आता कॉम्प्युटर दुरुस्ती करतो.

त्यानं कॅबिनेट उघडलं. आत दोन रॅम. एक मशीनसोबत आलेली. दुसरी रूपानं आजारी पडायच्या जरा आधी एका जुन्या कॉम्प्युटरमधून काढून लावली होती. मोठ्या फाइली लवकर उघडाव्यात म्हणून.

त्यानं एक काढली. फोटो टिकला.
ती लावून दुसरी काढली. तरी टिकला.
दोन्ही लावल्या. पट्ट्या.

"दोन्ही चांगल्या आहे," तो म्हणाला. "पण मॅच नाही होऊन राहिल्या. स्पीड अलग, व्होल्टेज अलग. हलक्या कामात निभून जाते. मोठी फाइल आली का मेमरी भरते, अन् गडबड चालू."
मग फोटोकडं पाहून म्हणाला, "रॅम टाकताना मले एक फोन करायचा होता ना, रूपा."
आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या खेपेला काका आले. मी फोटो लावला.
चेहरा राहिला.
ते वाट पाहत बसले.
"आता बंद नाई पडत?"
"नाही, काका. रॅम जुळत नव्हत्या, एक काढली. मशीनचाच बिघाड होता."
त्यांनी स्क्रीनला बोट लावून पाहिलं.
"मंग ते ती नोती."

ते उठले.

दारापर्यंत जाऊन परत वळले. "पोरी, जे काढलं ते परत लावता येते काय?"

मी लावलं.
कामासाठी दुसरा कॉम्प्युटर घेतला. रूपाचा कोपऱ्यात तसाच ठेवला, दोन्ही रॅम घालून. काका यायचे, मी फोटो लावायचे, ती जायची, ते "बरं बाई" म्हणायचे.
जवळजवळ वर्षभर.

आज सकाळी आले. मी फोटो लावला.

आज तो बंद पडला नाही.

चहा आला, गार झाला. चेहरा तसाच. एक पट्टी नाही.
आत कोणी हात लावला नव्हता. लावणारी मीच, आणि मी लावला नव्हता.
इमरानला फोन केला. म्हणाला, "असा फॉल्ट कधी येते, कधी नाही येत. त्याचा भरोसा नसते." पण बोलता बोलता त्याचाही आवाज उतरला.

काका उठून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.
"आज काहून थांबली, बाई?"

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"जाय आता," ते म्हणाले. "आमी आहो ठीक."
मग माझ्याकडं न पाहता, "बंद कर, पोरी. तू कर."

माऊसवरचं बोट दाबायला मला वेळ लागला.
केला बंद.

रूपा, तुझ्या बाबांना एस.टी.त बसवून आले. खिडकीजवळ जागा मिळाली.
तू पण नीट जा.