अंजना त्या नदीला काय म्हणायची

चांगदेव शितोळे कादंबऱ्या लिहायचा, आणि त्याही प्रेमाच्या. दौंड जंक्शनच्या पार्सल हापिसात दिवसभर लिंबाच्या गोण्या आणि मासळीच्या पेट्या उतरवून घेणारा हा माणूस. त्यानं असलं काही लिहावं, यावर ओळखीतल्या कुणाचा विश्वास बसायचा नाही. पुण्याच्या प्रकाशकाचाही बसला नव्हता. "चांगदेव नावाच्या माणसाची प्रेमकथा कोण वाचील हो? लोकांना वाघावर बसलेला योगी आठवेल," असं म्हणून त्यानं परस्पर 'चंद्रहास' हे नाव छापून टाकलं. तेव्हापासून पुस्तकावर चंद्रहास आणि घरात चांगदेव, असे दोन संसार सुरू झाले.

सकाळची ड्यूटी सुटली की जेवून तो लिहायला बसायचा. बाहेरच्या खोलीत चांगलं टेबल होतं, पण त्यावर बायको पापड वाळवायची. हा आपला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, मांडीवर पाट घेऊन. खरं सांगायचं तर त्याला स्वतःला काही सुचायचं नाही. चांदणं, बाग, नायिकेचे डोळे हे जमायचं. ते काय, कुणालाही जमतं. पण बाई बोलते कशी, रुसते कशी, मनातलं एक दडवून दुसरंच कसं सांगते, ते त्याच्या डोक्यातून यायचं नाही. ते कानातून यायचं. फलाटावर बायका बोचक्यांवर बसून एकमेकींना सुखदुःख सांगत, आणि हा गोण्यांवरचे पत्ते वाचत असल्यासारखा जवळ उभा राहायचा. चांगलं वाक्य कानावर पडलं की खिशातल्या रुमालाला एक गाठ. दुपारी उंबऱ्याशी बसून एकेक गाठ सोडायची आणि एकेक वाक्य नायिकेच्या तोंडी घालायचं. लेखक म्हणे!

बायको जाईबाई फटकळ होती. धुण्यात रुमाल आला की गाठी बघून म्हणायची, "आज तीन घरं फोडली वाटतं." तो हसायचा. चोरी म्हटली तरी कुणाचं काय जातंय, असं त्याला वाटायचं. बोलणारी गाडीत बसून निघून गेलेली असायची.

पण एक गाठ त्यानं सख्ख्या बहिणीच्या बोलण्यावर मारली.

अंजना त्याची धाकटी बहीण, मांडवगण फराट्याला दिलेली. लग्नाआधी तिचं मन माहेरच्या गावातल्याच भिमाजीवर बसलं होतं. भिमाजी लोकांच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. हाताला कला होती, पण नावावर वीतभर जमीन नव्हती. पोरीनं धीर करून एकट्या भावाला सांगितलं होतं, "दादा, तू आबांला येकदा बोल. तुझं ऐकत्यात ते." चांगदेव म्हणाला, बोलतो. आणि गेलाही. बापासमोर, आबांसमोर बसला, चहा प्याला, कांद्याच्या रोपाबद्दल बोलला आणि उठून आला. दारात उभ्या असलेल्या अंजनाला म्हणाला, "बघू पुढं." पुढं बघायला काही उरलंच नाही. आबांनी मांडवगणच्या पोपटराव फराट्याशी लग्न ठरवलं. भिमाजी सोलापूरकडं निघून गेला. अंजना रडली नाही, रुसली नाही, आणि भावाला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं चांगदेवला फार वेळा वाटायचं.

सासर खाऊनपिऊन सुखी होतं. नवरा शांत, दोन पोरं झाली, सासू रंगुबाई तेवढी कडक. आता आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, आणि त्या नावासारखा शब्द आला तरी जीभ आवरते. अंजनाचा नवरा पोपटराव, म्हणून ती झाडावरच्या पोपटाला राघू म्हणायची. सासरा दगडोबा, म्हणून पायाला दगड लागला तर म्हणायची, धोंडा लागला. यात नवल काही नाही. घरोघरी असंच.

एका नागपंचमीला ती दौंडला भावाकडं आली. जाईबाईनं विचारलं, "वन्सं, तुमच्याकडं पाणी कसं काय यंदा?"

"घोडीला हाय बेताचं. पर त्या दुसरीला लई आलंय."

"दुसरी कुठली?"

"ती वो. खालच्या अंगाची."

मांडवगण पडलं दोन नद्यांच्या मध्ये, एका अंगाला घोड आणि एका अंगाला भीमा. दुसऱ्या गावची माणसं नुसतं 'नदी' म्हणून भागवतात, पण तिथं कुठली नदी ते सांगावंच लागतं. अंजना घोडीचं नाव सरळ घेत होती. दुसरीचं टाळत होती. चांगदेवच्या हातातला चहा हातात राहिला. फराट्यांच्या घरात, भावकीत, वर दोन पिढ्या भीमा-भिमाजी नावाचं कुणी नव्हतं. मग ही कुणाचं नाव राखते? मागचं एकेक त्याला आठवत गेलं. पांडवांची गोष्ट पोरांना सांगताना ही भीमाला 'गदावाला' म्हणायची, तेव्हा सगळे हसले होते. तो नाही का, गावातला इंजिनवाला. त्याला मनातनं नवरा मानून ही बया इतकी वर्षं त्याच्या नावाचा मान राखत होती, भरल्या घरात, आणि कुणाला पत्ता नव्हता.

भावाला यावर गहिवर यायला हवा होता. आला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी हात खिशात गेला.

अंजनानं ते बघितलं. "दादा, काय बांधलंस रं?"

"तपकिरीची पुडी."

"तू कवापास्नं तपकीर वढाय लागलास?" असं म्हणून ती हसली आणि जाईबाईबरोबर पुरणाची दिंडं करायला आत गेली.

त्या श्रावणात कादंबरी अशी वाहत आली की त्याला पान उलटायला वेळ मिळेना. 'ओठांआडचं नाव.' अर्थात त्यानं बदल केले. एवढा काही तो बेअक्कल नव्हता. भीमेच्या जागी नीरा घातली, इंजिनवाल्याच्या जागी निरंजन नावाचा मास्तर आणला, गाव बारामतीकडं नेलं. पण 'ती दुसरी' हे दोन शब्द त्याला सोडवेनात. खोडले, पुन्हा लिहिले. 'ती दुसरी' शिवाय सगळं पान मेलेलं वाटायचं. ठेवलं तसंच. आणि अजून एक केलं. कादंबरीत नायिकेचा भाऊ बापापुढं उभा राहतो आणि बहिणीसाठी भांडतो. काय बोलतो! पानंच्या पानं बोलतो. ते वाचून बायका रडायच्या, असं वाचनालयवाले सांगायचे. त्या भावाचं एकेक वाक्य लिहिताना चांगदेवची मान खाली जायची, आणि तरी तो लिहायचा.

पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, खपलं. आणि तेव्हा या शहाण्यानं एक प्रत स्वतःच्या हातानं, सही करून, अंजनाची नणंद धुरपदा हिला दिली. सातवी शिकलेली पोरगी, "दादा, तुमचं पुस्तक द्या की," म्हणून मागं लागली होती. मोठेपणा नडला. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, यानं बहिणीच्या पायावर पाडला.

दिवाळीच्या तोंडावर पोपटराव झेंडूच्या पाट्या बुक करायला पार्सल हापिसात आला. एरवी चहा घेतल्याशिवाय न जाणारा माणूस, आज बसलाही नाही.

"धुरपीनं वाचून दावलं तुमचं पुस्तक," तो म्हणाला. "आंगणात शेंगा फोडाय बाया बसल्या व्हत्या. 'ती दुसरी' आलं तवा त्यातली येक म्हणली, आगं, ही तर आपली अंजना. सगळ्या हसल्या. आन् मंग हसायच्या थांबल्या."

"दाजी, ते पुस्तकातलं..."

"यंदा भाऊबीजंला तिला धाडत न्हाई. तुम्हीच या. आई म्हणली, रिकामं या म्हणावं. जाताना वझं आसंल." त्यानं पावती घडी करून टोपीत ठेवली. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि चांगदेवला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी त्यानं जाईबाईला सांगितलं. तिनं टेबलावरचे पापड गोळा केले. मग म्हणाली, "जावा आन् बोला. पुस्तकातला भाऊ येवढा बोलतोय. तुम्ही एकदा तरी तोंडानं बोला."

भाऊबीजेला एस.टी.त बसल्यापासून तो रंगुबाईला सांगायचं एकच वाक्य घोकत होता. 'मावशी, ते सगळं माझ्या मनचं हाय, माझ्या बहिणीचा त्यात काडीचा संबंध न्हाई.' नावेतनं नदी ओलांडतानाही घोकत होता. पाण्याकडं बघायचं त्यानं टाळलं. खाई त्याला खवखवे.

फराट्यांच्या अंगणात पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. आणि दाराशी गाठोडं बांधून ठेवलं होतं. ओट्यावर दगडोबा बसले होते, खांबाला टेकून पोपटराव उभा होता, उंबऱ्यात धुरपदा, रडून डोळे सुजलेली. पोरं कुठं दिसत नव्हती. अंजना पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. भावाकडं तिनं बघितलं नाही.

"थांब," रंगुबाई म्हणाली. "पाणी कुठलं हाय ते सांग पाव्हण्याला."

"नदीचं."

"नद्या दोन हायती."

रंगुबाईचा आवाज चढला नव्हता. "त्या पुस्तकात काय हाय ते मला ठावं न्हाई. मी अडाणी बाई. पर तू आठ-धा वरसात माझ्या घरात एक नाव घेतलं न्हाईस, ह्ये मला आता उमगलं. आमच्यात त्या नावाचं कुणी न्हाई. तवा आज समद्यांम्होरं घे. घेतलंस तर ह्ये घर तुझं, आन् म्या परत कवा ईचारायची न्हाई. घेता आलं न्हाई तर ते गठुडं उचल आन् भावासंगं जा. पोरं हितंच ऱ्हातील."

आता. हीच वेळ होती. चांगदेवनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, शब्दान् शब्द पाठ. त्यानं दगडोबांकडं बघितलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आबांच्या चेहऱ्यासारखंच काहीतरी होतं. 'मावशी' एवढं तरी म्हणावं. जीभ टाळूला चिकटून बसली. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि तो पाटाच्या रांगोळीकडं बघत होता. अंजनानं मात्र एकदा मान वर करून भावाकडं बघितलं. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिनं मान वळवली.

"भीमंचं," ती म्हणाली.

मीठ मागावं तसा साधा आवाज. "भीमंचं पानी हाय, आत्याबाई. पहाटं भीमंवर गेल्ते. भीमा उतरलीया आता, हिरीपस्तोर न्हाई येत पानी."

रंगुबाईनं सुनेच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग तिनं स्वतः वाकून दाराशी ठेवलेलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. "ववाळ मंग भावाला," आतून ती म्हणाली. "जेवान निवतंय." पोपटरावनं खांब सोडला आणि पहिल्यांदाच हसून मेव्हण्याला पाट दाखवला.

ओवाळणी झाली, जेवण झालं. चांगदेवच्या तोंडात घास फिरत राहिला. सगळे आग्रह करत होते आणि ते त्याला सोसत नव्हतं. सगळ्यांत गोड अंजना वागली. पोळीवर तूप घालताना म्हणाली, "भीमंकडच्या रानात यंदा हरबरा केलाय." पुन्हा धुरपदाला म्हणाली, "भीमंच्या कडंला म्हशी सोडल्यात का बघ." जणू सवयच. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की आपल्या थोबाडात बसली.

निघताना ती नदीच्या उतारापर्यंत आली. नाव पलीकडून यायची होती. दोघं उभी राहिली. पाणी संथ होतं, आणि चांगदेवला त्याच्याकडं बघावंच लागलं.

"अंजे," तो म्हणाला. डोळे पुसायला त्यानं रुमाल काढला.

"लगीन झाल्यापास्नं मी हिचं नाव एकदाबी घेतलं न्हवतं, दादा," अंजना म्हणाली. "तेवढंच व्हतं माझ्यापाशी. त्येबी आज दिलं."

नाव काठाला लागली. नावाड्यानं हाक दिली. अंजनानं भावाच्या हातातल्या रुमालाकडं बघितलं.

"मार की गाठ," ती म्हणाली. "चांगलं वाक्य हाय."

आणि ती वळून उतार चढून गेली. चांगदेवनं रुमाल तसाच, गाठ न मारता, खिशात कोंबला आणि नावेत जाऊन बसला. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. तिचं वाक्य, शब्दान् शब्द, त्याला पाठ झालं होतं.