बाबांच्या सिनेमातला चिनी गुरू

आमच्या तालुक्याच्या गावी एक व्हिडिओ सेंटर होतं. बाबा दिवसा एसटी स्टँडवर हमाली करत आणि संध्याकाळी त्या सेंटरच्या दारावर तिकिटं फाडत. जुने चिनी कुंग फू सिनेमे लागले की खाली इंग्रजी अक्षरं धावायची. ती कुणालाच वाचता येत नसत. म्हणून मालक बाबांना टीव्हीशेजारी उभं करी आणि बाबा मराठीत गोष्ट सांगत. चौथी शिकलेले बाबा इंग्रजी कुठून वाचणार? ते चेहरे बघून रचत. त्यांच्या सिनेमात प्रत्येक म्हातारा गुरू शिष्याला एकच सांगायचा, "आधी शाळा पुरी कर, मग सूड घे."

लोक हसायचे. मी सतरंजीवर बसून ते खरं मानायचो. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर तोच सिनेमा पाहिला, खालची अक्षरं वाचली, तेव्हा कळलं की गुरू तलवारीला धार लावायला सांगत होता. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो मात्र बाबांच्या गुरूमुळे.

पुढे नोकरीसाठी ओमानमधल्या सोहारला आलो, तिथे ही गोष्ट मी फक्त दादांना सांगितली होती. दादा म्हणजे स्टील प्लांटमधले माझे सीनियर, पुण्याचे. मी नवा आलो तेव्हा लायसन्स मिळेपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून ड्यूटीवर नेलं. दर शुक्रवारी वहिनींच्या हातचं जेवायला घातलं. ते मी विसरलेलो नाही. जेवणं झाली की आम्ही ते जुने सिनेमे लावत असू. त्यांतले दिग्दर्शक स्वतः आखाड्यात घडलेले, म्हणून कॅमेरा लांब उभा असतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि झटापट संपेपर्यंत कट नाही. "इथे डुप्लिकेट नाही," दादा म्हणायचे. "जो मार खातो तोच सिनेमा काढतो."

मस्कतच्या मराठी मंडळींनी मुलांना असा एक सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि आधी थोडं बोलायला दादांना सांगितलं. दादा मला म्हणाले, "तूच बोल. वडिलांची गोष्ट सांग. मी फक्त तुझी ओळख करून देतो." मी लगेच गावी फोन केला.

"स्टेजवर माझं नाव घेणार?" बाबांनी विचारलं.

"घेणार."

"मग नीट सांग हो. घाई करू नको."

मस्कतला जाताना गाडीत मी सगळं दादांपुढे बोलून पाहिलं. ते गाडी चालवता चालवता सुधारत होते. "इथे जरा थांब. लोकांना हसू दे, मग पुढे जा."

हॉलमध्ये दादा माइकसमोर गेले. मी शर्ट नीट खोचून पायरीशी उभा राहिलो.

"माझे वडील," दादा म्हणाले, "व्हिडिओ सेंटरच्या दारावर तिकिटं फाडायचे."

मला वाटलं, माझ्या तोंडचं म्हणून सांगतायत. आता म्हणतील, असा हा आमचा मित्र. ते वाक्य आलं नाही. गुरू आला, शाळा आली, दादा बरोबर तिथे थांबले आणि लोक हसले. टाळ्या वाजल्या, सिनेमासाठी दिवे मालवले गेले. मी तसाच पायरीशी उभा होतो.

सोहारला परतताना वाटेत बर्का गावाजवळ पेट्रोलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "दादा, तुमचे वडील बँकेत मॅनेजर होते."

"मग? बँक मॅनेजरची गोष्ट कोण ऐकतं?"

"पण ती माझ्या बाबांची होती."

"अरे, पोचली ना लोकांपर्यंत? तू अडखळला असतास तिथे. खलास, सोड आता."

वहिनी पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी खिडकीची काच वर केली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "हसले का रे लोक?"

"हसले."

"कुठे?"

"गुरू शाळा पुरी कर म्हणतो, तिथे."

बाबा समाधानाने खोकले. "व्हिडिओ पाठव की."

व्हिडिओ माझ्या फोनमध्ये येऊन पडला होता. मी म्हटलं, "कुणी काढलाच नाही."

"मग मला सांग, कसा बोललास ते. पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागलो. बाबा हूं हूं करत ऐकत होते. गुरूपाशी आलो आणि आपोआप थांबलो, त्यांना हसू देण्यासाठी. दादा थांबले होते, अगदी तेवढाच वेळ.