अष्टग्रहीच्या आठवड्यात दुर्बिणीच्या घरी

माझं पहिलं बाळंतपण अकोल्याला माहेरी व्हायचं होतं. सातवा महिना संपता संपता वडील मला अमरावतीहून घेऊन आले, आणि त्याच आठवड्यात अष्टग्रही होती. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, असं घरोघर बोललं जात होतं. गल्लीत मांडव घालून होम चालू होता, कर्णा दिवसभर थांबत नव्हता. आईनं माझ्यापुढून विळी, कात्री, सुई सगळं उचललं होतं. मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. बाळ हललं की दचकायची, हललं नाही की जास्तच भ्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "चाल, तुले दुर्बिणीचं घर दाखवतो." आई नको नको म्हणत राहिली, वडिलांनी टांगा बोलावला.

ते घर मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात होतं. तिथल्या वकिलांनी हौसेनं जन्मभर आकाश पाहिलं होतं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं त्यांची पितळी दुर्बीण, नकाशे, वह्या जागच्या जागी ठेवून घर लोकांना पाहायला उघडं केलं होतं. दार तिनंच उघडलं. पन्नाशीची बाई, वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. मी नकळत पोटावर पदर ओढला. वडीलही गडबडले, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

ती शनीची कडी समजावून सांगत होती आणि माझे पाय दाराकडे ओढ घेत होते. तिच्या ते ध्यानात आलं असावं. तिनं एक जाड वही काढली, सूर्यग्रहणाच्या नोंदींची. बाबा वेळ सांगत होते, आई लिहीत होती, आणि आपण आईच्या पोटात होतो, असं ती म्हणाली. मधेच पेन्सिलीचं टोक मोडलं. आईनं ते चाकूनं तासलं, म्हणून पोरीचा ओठ फाटला, असं लोक तिच्या आईला मरेपर्यंत ऐकवत राहिले.

"मग खरं काय?" मी विचारलं.

"माझ्या आत्याचा ओठबी असाच होता. तिच्या वेळेस ना ग्रहण होतं, ना पेन्सिल. आमच्या घराण्यातच आहे ते."

मला धीर यायला हवा होता, पण मनात वेगळंच सुरू झालं. टांग्यात मी वडिलांना विचारलं, आपल्या घराण्यात होता का कोणाचा असा ओठ? त्यांनी टांगेवाल्याला हळू हाकायला सांगितलं. मग म्हणाले, "मले तरी आठवत नाही."

अष्टग्रही आली आणि गेली. मांडव सुटला, आईनं विळी पुन्हा चुलीजवळ ठेवली. माझी तगमग मात्र पुढचे दोन महिने गेली नाही.

मुलगी झाली. सुईण काही सांगत होती, मी आधी ओठ पाहिला. चांगला होता. मला रडू फुटलं. आईला वाटलं, मुलगी झाली म्हणून.

अमरावतीला परतायच्या आदल्या दिवशी मी बाळाला घेऊन पुन्हा त्या घरी गेले. दारापाशी मात्र लाज वाटली. आपण बाळाचा धड ओठ दाखवायला आलो की काय? मी वळणार, तेवढ्यात त्या बाईंनी दार उघडलं. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं, मूठ सोडवून बोटं पाहिली आणि विचारलं, ही तुला रात्री झोपू देते का. मी नाही म्हटलं.